मदत हवी आहे: पैठणीचा रंग ठरवायचाय, सावळ्या रंगाचं कलर अ‍ॅनालिसिस कोणाला कळतं का?

नमस्कार मंडळी,

लग्नासाठी येवल्याहून हातमागावरची पैठणी विणून घ्यायचीय आणि विणकर काकांना रंग आधी सांगायचाय, एकदा मागावर धागा चढला की बदल नाही, म्हणजे दुकानातल्यासारखी अंगावर टाकून बघायची सोयच नाही. म्हणून सीझनल कलर अ‍ॅनालिसिस, म्हणजे आपल्या त्वचेला कुठले रंग शोभतात ते ऋतूंच्या नावाच्या गटांत बसवायची पद्धत, वाचायला घेतलं आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

स्प्रिंग-ऑटम म्हणजे वॉर्म (पिवळसर झाक), समर-विंटर म्हणजे कूल (निळसर झाक), मग रंग किती गडद नि किती झळझळीत यावरून बारा प्रकार, इथपर्यंत समजलं. पण मनगटाच्या शिरा हिरवट की निळसर ते बघून वॉर्म-कूल ठरवा म्हणतात तर माझ्या सावळ्या हातावर त्या धड दिसतच नाहीत. अ‍ॅपमध्ये फोटो टाकला तर खिडकीतला विंटर आणि पिवळ्या बल्बखालचा ऑटम, कॅमेरा स्वतःच व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतली रंगांची झाक, बदलत बसतो. आणि काळे केस, काळे डोळे दिसले की बरेच चार्ट सरळ डीप विंटर नाहीतर डीप ऑटम सांगून मोकळे होतात, आता आपल्याकडे केस काळेच असणार ना, मग माणसामाणसातला फरक ओळखायचा कसा?

शेवटी सकाळच्या उजेडात खिडकीत बसले, मेकअप नाही, केस पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेले, आणि घरातल्या ओढण्या एकेक करून गळ्याशी धरल्या. मोहरी कलरने डोळ्यांखालची वर्तुळं लगेच वर आली आणि ओठ फिके पडले, मेहंदी कलरचं पण तेच. डाळिंबी आणि मोरपंखी धरलं की आधी माझे डोळे दिसतात. राणी कलर मात्र एवढा भडक की नुसती ओढणीच दिसते, त्यापेक्षा मळकट अंजिरी कितीतरी छान. मग मी कूल पण सॉफ्ट (भडक नसलेले रंग शोभणारी), म्हणजे सॉफ्ट समर का? सावळी मुलगी समर असू शकते?

दुसरं म्हणजे धूपछांव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, चालताना रंग बदलतो, तर चेहऱ्यासाठी त्यातला कुठला धरायचा? आणि कूल टोनला चांदी बरी म्हणतात, पण ठुशी, मोहनमाळ, मंगळसूत्र सगळं सोन्याचंच असणार, मग जरीचा धागा रुपेरी घेतला तर विसंगत दिसेल का?

आई आणि आत्या म्हणतायत फिका गुलाबी घे, उजळ दिसशील. मला उजळ दिसायचंच नाहीये हो, माझा रंग मला मनापासून आवडतो, त्या दिवशी तो तजेलदार दिसावा एवढंच हवंय.

ज्यांनी सावळ्या किंवा गव्हाळ रंगावर प्रत्यक्ष कापडं धरून हे करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, पुण्यात कोणी नीट करून देणारं असेल तर तेही सांगा. सध्या मनात डाळिंबी-निळं धूपछांव आणि रुपेरी जरीचा धागा आहे, चालेल का? काकांना याच आठवड्यात कळवायचंय.