मदत हवी आहे: स्पर्धेत नाव द्यावं की नाही? आज रात्रीपर्यंत सांगायचंय

कोपरीकर_आई
मुलीच्या क्लासच्या सरांनी वाशीच्या ओपन (सगळ्यांसाठी खुल्या) स्पर्धेसाठी नाव आणि फी मागितलीय, आज रात्रीपर्यंत. घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, तोंड फोडून घ्यायला पाठवायचं का. नवरा म्हणतो, बेल्टच्या परीक्षा देते तेवढं पुरे. बाकीच्या पालकांचं एकच, "द्या हो, सर्टिफिकेट मिळतं." मला सर्टिफिकेट नकोय. लागलं तर काय, आणि हरली तर क्लासच सोडेल का, एवढं सांगा. लवकर प्लीज.

नौपाडा_७
क्लास कसला? कराटे, तायक्वांदो, ज्युदो? वय काय?

घणसोलीचा_बाबा
डोळे मिटून नाव द्या ताई. दहावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे.

नौपाडा_७
दादा, चुकीची आशा लावू नका. क्रीडागुण आणि आरक्षण शासनाच्या शालेय स्पर्धा, मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धा यांवर मिळतं. कुठल्याही ओपनच्या सर्टिफिकेटवर नाही.

कोपरीकर_आई
कराटे, शोतोकान शैली. चौथीत आहे. गुणांचं मी विचारलंच नव्हतं.

पाचपाखाडी_काका
शोतोकान ना? मग त्या शैलीचे संस्थापक फुनाकोशींचं ऐका. त्यांना स्पर्धा मान्य नव्हत्या. १९५७ साली ते गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. तेव्हापासून पोरं पॉइंटसाठी नाचायला लागली. स्वसंरक्षण राहिलं बाजूला.

ऐरोली_ब्लॅकबेल्ट
काका, आदर ठेवून सांगतो, पटत नाही. क्लासात जोडीदार रोजचा असतो, तो कुठला पाय उचलणार ते आधीच ठाऊक असतं. अनोळखी मुलगी समोर आली की अंतर चुकतं, श्वास अडकतो. ते शिकायला मॅटवरच उभं राहावं लागतं. ज्युदो १९६४ सालीच ऑलिंपिकमध्ये आला, म्हणून ज्युदोवाल्याला धरून आपटता येत नाही असं कुणी म्हणेल का?
ताई, काता (एकटीने ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या) की कुमिते (समोरच्याशी लढत)?

पाचपाखाडी_काका
ज्युदोत धरून खरंच पाडतात. तुमच्या पॉइंट कराटेत हात लागण्याआधी मागे घ्यायचा. दोन्हींची तुलना होत नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर पॅरिसला कराटे वगळलंच की.

कोपरीकर_आई
फॉर्मवर दोन्ही आहे. फी एकच.

सीवूड्स_मावशी
त्यापेक्षा मल्लखांबाला घाला. माझ्या भाचीची पाठ सरळ झाली, भूकही वाढली.

ऐरोली_ब्लॅकबेल्ट
फी एकच म्हणून दोन्हींत उतरवू नका. क्लासात कुमिते किती घेतात? आणि मुलीचं काय म्हणणं? ते तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत.

कोपरीकर_आई
तिला जायचंयच. रोज आरशासमोर काता करते. कुमितेला घाबरते, क्लासात फक्त परीक्षेच्या आधी थोडं होतं.

ऐरोली_ब्लॅकबेल्ट
मग कुमिते यावेळी नकोच. जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा का द्यायची? नियम तसे कडक आहेत. ठोशाला (युको) १, अंगावरच्या लाथेला (वाझा-आरी) २, डोक्यावरच्या लाथेला (इप्पोन) ३ गुण, आणि ताबा सोडून मारलं तर दंड मारणाऱ्यालाच. पण मुलांचा हात सुटतो. पुढे कधी उतरवलंत तर सरांना तीन गोष्टी विचारा: फेसगार्ड आणि चेस्टगार्ड सक्तीचे आहेत का, वजनगट वेगळे आहेत का, मॅटशेजारी डॉक्टर आहे का. गोलगोल उत्तर आलं तर नाव देऊ नका.
हरण्याचं म्हणाल तर काता हरलेली मुलं सहसा क्लास सोडत नाहीत. गाडीत बसल्याबसल्या "का हरलीस" विचारणाऱ्या घरातली सोडतात. हे शिकवताना इतक्यांदा पाहिलंय की राग येतो.

घणसोलीचा_बाबा
रविवार असेल तर ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघा.

पाचपाखाडी_काका
काता चालेल. कातावर माझा आक्षेप नाही.

कोपरीकर_आई
सरांना मेसेज केला, फक्त काता. सासऱ्यांना सांगितलं की यात कुणी कुणाला हात लावत नाही, ते आता बघायला येतो म्हणतायत. हेइआन शोदान हा पहिला काता करू दे की हेइआन निदान हा दुसरा? दुसरा नवीन आहे, तिला तोच आवडतो.

ऐरोली_ब्लॅकबेल्ट
पहिल्या फेरीला शोदान. पुढे गेली तर हेइआन निदान लागू शकतो, दोन्ही घोटवून घ्या. वळताना मागची टाच उचलते का, तेवढं आज बघा. आणि स्पर्धेत ओळखीसाठी बांधायचे लाल-निळे पट्टे आयोजक देणार की आपण न्यायचे, ते सरांना विचारून ठेवा.