शब्दचर्चा : ‘मूलभूत अधिकार’ की ‘मूलभूत हक्क’? आणि ‘विलगीकरण’, ‘अलगीकरण’, ‘टाळेबंदी’

शिक्षिका, डिचोली

नमस्कार. दहावीच्या मुलांना ‘साथीच्या काळातले नागरिकांचे हक्क’ हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले, ‘साथीत सरकारने लोकांचे विलगीकरण केले आणि त्यांचे मूलभूत अधिकार टाळेबंदीत गेले.’ वाक्य मला आवडले, पण लाल पेन तीन जागी अडखळले. ‘मूलभूत अधिकार’ चालेल का? ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ एकच का? आणि ‘टाळेबंदी’ हा शब्द २०२० च्या आधी मी कारखान्याच्या बातमीतच वाचला होता, तो सगळ्या देशाला कसा लागला? जाणकारांनी सांगावे.

निवृत्त मुद्रितशोधक, फोंडा

बाई, पहिल्या दोन प्रश्नांवर मी लिहितो. तिसऱ्यावर ज्याने टाळे पाहिले आहे त्याने लिहावे.

संविधानाच्या अधिकृत मराठी भाषांतरात तिसऱ्या भागाचे नाव ‘मूलभूत हक्क’ आहे. ‘मूल अधिकार’ हे हिंदी आवृत्तीतले. हिंदीत एकाच ‘अधिकार’ शब्दावर दोन्ही कामे भागतात. मराठीत भागत नाहीत आणि ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे. फेरफाराची नोंद घालण्याचा तलाठ्याला अधिकार असतो; जमिनीवर माझा हक्क असतो. अधिकार खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. हक्क माणसाबरोबर असतो. आपल्याकडे कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामायिक जमीनसंस्थेचा, जोण (उत्पन्नातला वाटा) गावकाराला मिळतो तो हक्काने, त्याला ‘अधिकाराने मिळतो’ असे म्हणताना मी कुणाला ऐकलेले नाही. जुन्या वतनाच्या कागदांतही ‘हक्क-लाजिमा’च आहे.

एरवी ‘मूलभूत अधिकार’ छापून गेले तर मी फार हट्ट धरत नसे. पण साथीच्या बातमीत हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. जिल्हाधिकाऱ्याला रस्ता बंद करण्याचा अधिकार, त्या रस्त्याने इस्पितळात जाण्याचा रुग्णाचा हक्क. दोन्हीकडे ‘अधिकार’ लिहिले की कोण कुणाला अडवतो आहे तेच वाक्यातून पुसले जाते. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत ‘हक्क’ करा.

आता विलगीकरण. व्युत्पत्तीने ‘विलग’ आणि ‘अलग’ सख्खी भावंडे. दोन्हींच्या मुळाशी ‘लग्’, म्हणजे चिकटणे. चिकटलेले सुटले ते विलग, चिकटलेले नाही ते अलग. भाषेने यांत रोग्याचा आणि संशयिताचा भेद केलेला नव्हता, तो प्रशासनाने केला. २०२० साली सरकारी परिपत्रकांत ज्याला रोग झाल्याचे ठरले त्याचे विलगीकरण आणि जो संपर्कात आला, पण आजारी नाही, त्याचे अलगीकरण, अशी वाटणी झाली. वाटणी चांगली होती, वर्तमानपत्रांनी ती पाळली नाही. आम्हीही पाळली नाही. ‘गृह विलगीकरण’ हा एकच शब्द आम्ही दोघांनाही लावला, आणि त्याचे काय होते ते मी समोरच्या घरात पाहिले.

त्या घरातला मुलगा परराज्यातून आला होता, ठणठणीत. एका संध्याकाळी दोन माणसे आली आणि फणसाच्या जुन्या दारावर कागद चिकटवून गेली. वर मोठ्या अक्षरांत ‘विलगीकरण’, खाली नाव, किती जण, कधीपर्यंत. त्याच्या आजीला वाचता येत नव्हते. ती उंबऱ्याच्या आतूनच मला ओरडून विचारायची, ‘त्या कागदार काय बरयलां रे?’ मी सांगितले, चौदा दिवस बाहेर पडू नका असे आहे. पण वाड्याने त्या शब्दाचा अर्थ ‘या घरात रोग आहे’ असाच घेतला. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा तो पाव फाटकावर टांगून पुढे जाऊ लागला. मुदत संपल्यावर म्हातारीने रॉकेलच्या फडक्याने कागद काढला. डिंकाचा चौकोन राहिला, तो चवथीला रंग काढीपर्यंत. त्या वर्षी त्यांच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या चौकटीखाली, आम्ही दोन-तीन घरांतलीच माणसे बसलो. तो मुलगा शेवटपर्यंत आजारी नव्हता. ‘अलगीकरण’ लिहिले असते तर सगळे टळले असते असे नाही, पण निदान खोटे लिहिले गेले नसते.

वकील, पर्वरी

वरच्या कागदाबद्दल. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ९ डिसेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याने तसा निर्देश दिला असेल तरच रुग्णाच्या घराबाहेर फलक लावता येतो, एरवी नाही. केंद्रानेही सांगितले होते की आमच्या मार्गदर्शक सूचनांत असे फलक लावायला सांगितलेलेच नाही. राज्यांनी आपणहून लावले.

शब्दचर्चा आहे म्हणून आणखी एक जोडी मांडतो : ‘आणीबाणी’ आणि ‘आपत्ती’. कोविडच्या दिवसांत लोक सर्रास ‘आरोग्य आणीबाणी’ म्हणत. बोलण्यात हरकत नाही. आणीबाणीची वेळ म्हणजे निकराची वेळ, हा अर्थ मराठीत १९७५ च्या कितीतरी आधीपासून आहे. संविधानात मात्र राष्ट्रीय आणीबाणी म्हणजे अनुच्छेद ३५२, आणि ती युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड यांसाठीच. साथ त्यात नाही. २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी आली ती आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली. म्हणजे आपत्ती जाहीर झाली, आणीबाणी नाही. आपत्तीत मूलभूत हक्क निलंबित होत नाहीत, एक दिवससुद्धा नाही. आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर खऱ्या आणीबाणीतही अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ (जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) यांना हात लावता येत नाही. तुमच्या विद्यार्थ्याचे ‘हक्क टाळेबंदीत गेले’ हे दुःख म्हणून खरे, कायदा म्हणून चूक. हक्क जागेवरच होते, त्यांच्यावर निर्बंध आले होते. अनुच्छेद १९ मध्ये त्याला ‘वाजवी निर्बंध’ म्हणतात आणि सगळा झगडा त्या ‘वाजवी’वर असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिलेल्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात कसोटी आली : निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि निर्बंध त्या हेतूच्या प्रमाणात हवा. या तिसऱ्या कसोटीला मराठीत ‘प्रमाणबद्धता’ लिहितात. मला तो शब्द मूर्तीच्या वर्णनातला वाटतो. मी पक्षकाराला ‘गरजेपुरते’ असे सांगतो, त्याला लगेच कळते. २ मे २०२२ च्या लसीकरणाच्या निकालात हेच लावले गेले. न्यायालयाने लसीकरणाचे धोरण मोडीत काढले नाही. पण कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, अनुच्छेद २१ मध्ये स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो, असे सांगितले. आणि लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका जास्त असल्याची आकडेवारी सरकारांनी पुढे ठेवली नाही, म्हणून तेव्हाचे त्यांच्यावरचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत असे म्हटले. इथे ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्ती’ या दोन शब्दांमधली जागा पाहावी. कागदावर लस ऐच्छिक होती. पण लस नसेल तर कामावर येऊ नको म्हटले की ऐच्छिक हा शब्द पोकळ झाला.

परिचारिका, पेडणे

मला फक्त ‘सामाजिक अंतर’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे. ड्युटीवर लोकांना दिवसभर ‘अंतर ठेवा’ सांगत होते, पण ‘सामाजिक’ हा शब्द तोंडातून काढवत नसे. ज्यांच्या आजोबांना विहिरीवर अंतराने उभे केले गेले त्यांना मी सामाजिक अंतर राखा कसे सांगू? संविधानाने अनुच्छेद १७ ने जे बंद केले त्याचेच नाव आम्ही फलकावर लिहीत होतो. मी ‘हातभर लांब’ म्हणायचे. म्हाताऱ्यांना ‘पयस रावात’ (लांब राहा) म्हटले की पुरे. कुणाचा अपमान झाला नाही आणि काम झाले.

कामगार, वेर्णा

टाळेबंदीचे मी सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप कामगाराचा आणि टाळेबंदी मालकाची, असे होते. सकाळी पाळीला आलो आणि गेटला कुलूप, आत मालकाचा माल, बाहेर आम्ही, हे मी एकदा भोगले आहे. त्या टाळेबंदीत माणूस बाहेर राहतो. २०२० च्या टाळेबंदीत माणूस आत राहिला. शब्द एकच, कुलपाची बाजू उलटली. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच : पगार थांबला.

केंद्राने २९ मार्च २०२० ला आदेश काढला होता की बंदच्या काळातला पगार कापू नका. मालक न्यायालयात गेले. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोघांनी बसून बोलणी करा असे सांगितले. बोलणी करायला आमच्यातले निम्मे लोक इथे होतेच कुठे? माझ्या खोलीतले दोघे झारखंडचे. गाडीसाठी नाव नोंदवून ते रोज फोन हातात धरून बसत. ९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित कामगारांना १५ दिवसांत घरी पोचवा असा हुकूम दिला, तोवर आमची खोली रिकामी झाली होती.

वकीलसाहेबांनी आणीबाणीचे लिहिले त्यात एक जोडतो, कारण आम्हां कामगारांना तो निकाल पाठ आहे. गुजरात सरकारने साथीचे कारण देऊन कारखान्यांत बारा तासांची पाळी केली आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून टाकला. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ असेल तर सूट देता येत होती, त्या शब्दावर हे बेतले होते. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. साथ कितीही मोठी असली तरी देशाची सुरक्षितता धोक्यात आणणारी आणीबाणी ती नव्हे, आणि साथीचा भार कामगारांच्या पाठीवर टाकता येणार नाही, असा त्याचा आशय. एका शब्दाचा अर्थ काय लावायचा यावर लाखो लोकांचे चार तास अवलंबून होते.

निवृत्त मुद्रितशोधक, फोंडा

पुन्हा लिहितो, कारण ‘विलगीकरण’ शब्दाचा सर्वांत कडू अर्थ आपल्या गोव्यात १९८९ साली लिहिला गेला आणि तो सोडून ही चर्चा पुरी होणार नाही. डॉमिनिक डिसोझा. नेमाने रक्तदान करणारा तरुण. रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशातल्या क्षयरोगाच्या जुन्या इस्पितळात एकट्याला ६४ दिवस ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने तरतूद उचलून धरली. व्यक्तीचा हक्क आणि लोकांचे हित यांची टक्कर झाली तर हक्काने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा सूर.

कायदाही बदलला, आणि बदल काय होता? विलग करणे सक्तीचे होते ते सरकारच्या विवेकावर ठेवले. मराठीत सांगायचे तर ‘करील’ होते त्याचे ‘करू शकेल’ झाले. माझ्या सगळ्या नोकरीत मी क्रियापदाच्या एवढ्याशा बदलात माणसाचे दार उघडताना दुसरे कुठे पाहिले नाही. डॉमिनिक १९९२ साली वारला. एचआयव्हीबाधितांना विलग ठेवणे हाच भेदभाव ठरवणारा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला.

आणि तरीही २०२० साली आपण हाताशी घेतला तो साथरोग अधिनियम १८९७ चा. मुंबईच्या प्लेगसाठी घाईने केलेला, मुळात चार कलमांचा. त्यातले चौथे कलम अंमलदाराला संरक्षण देते. ज्याला घरातून उचलून नेले त्याच्याबद्दल त्यात ओळ नाही. १८९७ मध्येच २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरलेल्या सोजिरांवरचा (गोऱ्या शिपायांवरचा) संताप होता. २०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली, पण ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून. ती हवीच होती. रुग्णाच्या हक्काची ओळ मात्र तेव्हाही आली नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून तो दुरुस्त करा किंवा नवा आणा, अशी शिफारस केली आहे. नव्या कायद्याचे मराठी भाषांतर जो कुणी करील त्याने ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ यांच्या व्याख्या पहिल्याच पानावर द्याव्यात, आणि कोण, कुणाला, किती दिवस, कुठल्या हुकमाने हे कर्त्यासकट लिहावे. ‘विलगीकरण करण्यात आले’ या कर्मणी रचनेच्या मागे कुणालाही लपता येते.

शिक्षिका, डिचोली

सर्वांना देव बरें करूं. वहीत मी ‘अधिकार’ खोडून ‘हक्क’ केले, ‘टाळेबंदीत गेले’ तसेच ठेवले आणि शेजारी ‘निर्बंध’ लिहून त्याला बोलवून समजावले. ‘विलगीकरण’खाली रेघ ओढली.

आज वर्गात विचारले, कुणाच्या दारावर तो कागद लागला होता? चार हात वर आले. ही मुले तेव्हा चौथी-पाचवीत असतील. एक मुलगी म्हणाली, आमचा आईने काढून ट्रंकेत ठेवलाय. उद्या घेऊन येते म्हणाली आहे. त्यावर कुठला शब्द आहे आणि खाली सही कुणाची, ते पाहून इथे लिहिते.