मदत हवी आहे: कुपवाडच्या कंपनीसाठी स्ट्रेस मॅनेजमेंटचा स्पीकर सुचवा, अर्जंट

अनु_मिरज
नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत एचआर बघते. मालकांनी सांगितलंय मानसिक आरोग्यावर काहीतरी प्रोग्राम घ्या, सोमवारी प्रपोजल द्यायचंय. सांगली-कोल्हापूर भागातला मराठीतून बोलणारा स्पीकर हवाय, एक-दीड तास, फी किती तेही सांगा. गुगलवर सगळे पुण्या-मुंबईचे येतायत आणि निम्मं इंग्लिश बोलणारे, आमच्या पोरांना ते झेपणार नाही. प्लीज लवकर.

कृष्णाकाठ
ताई, कंपनी कसली, माणसं किती, पाळ्या किती? ऑफिस स्टाफसाठी की शॉपफ्लोअरसाठी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

योगसाधक_विटा
स्पीकर-बिकर काही नको. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं प्राणायाम घ्या. माझी झोपेची गोळी त्यानंच सुटली. खर्च शून्य.

तिसरीपाळी
विटेकर रागावू नका, पण सातच्या पाळीला माणूस कवठेमहांकाळहून पहाटे निघतो, त्याला अजून पंधरा मिनिटं आधी बोलावणार? आणि त्याचे पैसे कोण देणार? मी सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, सेटर आहे. आमच्याकडं पण स्पीकर आणलेला, वेळ ठेवली जनरल शिफ्टची, आणि तिसरी, म्हणजे रात्रपाळी, करून सुटलेल्यांना घरी न सोडता तसंच हॉलमध्ये बसवलं. वर झोपेचं महत्त्व सांगणं चाललेलं आणि मागच्या दोन रांगा खुर्चीत बसल्या जागी झोपलेल्या, एकाच्या हातात सेफ्टी शूज तसेच. असलं काही करू नका ताई, कळकळीनं सांगतो.

अनु_मिरज
कास्टिंग मशिनिंग आहे. 140 च्या आसपास लोक, निम्मे ठेकेदाराचे. तिन्ही पाळ्या चालतात. शॉपफ्लोअरसाठीच हवंय. स्पीकरचं नाव आहे का कोणाकडे? बाकीचं नंतर बघू.

व्हीएमसी_पलूस
मॅडम तुमच्याकडं व्हीएमसी ऑपरेटरची जागा आहे का? प्रोग्रॅमिंग पण येतं.

विमा_सल्ला_सांगली
2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21(4) प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार पण शारीरिक आजारासारखाच कव्हर करावा लागतो, तेव्हा कंपनीची ग्रुप मेडिक्लेमची पॉलिसी असेल तर ती वाचून बघा. पण बऱ्याच पॉलिसीत ॲडमिट झालं तरच पैसे मिळतात, नुसत्या तपासणीचे आणि समुपदेशनाचे नाही, ते रिन्यूअलच्या वेळी मागून घ्यायचं.

कृष्णाकाठ
विम्याचं कुणी विचारलं ओ? 21,000 च्या आतल्या पगारवाल्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असणार. आजारपणाची रजा डॉक्टरनं लिहून दिली तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात, ईएसआयचा हप्ता ठरलेले दिवस भरलेला पाहिजे. मोठ्या आजारांसाठी मुदत अजून वाढते, त्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार पण आहेत. बऱ्याच एचआरना माहीतच नसतं. पण ताई, मालकांना हे आत्ताच का आठवलं? काही घडलंय का?

अनु_मिरज
हो. प्रश्न स्पीकरचा आहे म्हणून लिहिलं नव्हतं. एक ऑपरेटर आहे, तिशीच्या आतला, हल्ली खाडे वाढलेत, डबा न उघडता परत नेतो. परवा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मशीनच्या चकमध्ये लावला आणि दार उघडं ठेवून नुसता बघत उभा राहिला, मशीन स्टार्टच केली नाही, सुपरवायझर ओरडला तेव्हा भानावर आला. शेजारच्या मशीनवाल्याला म्हणाला म्हणे, माझ्या मागं पोरांचं तेवढं बघ. ते मालकांपर्यंत गेलं, म्हणून मालक म्हणाले सगळ्यांसाठी काहीतरी घ्या.

सिव्हिलची_सिस्टर
ताई, स्पीकर बाजूला ठेवा. हे बोलणं साधं नाही, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच त्याच्याशी बोला, केबिनमध्ये सगळ्यांदेखत बोलावून नाही, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला सोबत घेऊन. जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात जातो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं आणि थेट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला आणायचं. फोनवर बोलायला टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. सांगली सिव्हिलला मानसोपचारची ओपीडी आहे, वार विचारून केसपेपर काढा. आणि रात्रपाळी लगेच थांबवा, पगार न कापता.

जुना_कारखानदार
आम्ही साखर कारखान्यात सीझनला आठ-आठ दिवस घर बघत नव्हतो, तेव्हा असलं टेन्शन नव्हतं. सगळं ह्या मोबाईलमुळं.

तिसरीपाळी
काका, तुमची नोकरी परमनंट होती. आता ठेकेदार संध्याकाळी फोन करून सांगतो उद्यापासून येऊ नको. ताई, तुमचं शिफ्टचं चार्ट बघा आधी. बऱ्याच ठिकाणी तिसरी, मग दुसरी, मग पहिली असं उलटं फिरवतात, त्यानं झोपेचा पार बट्ट्याबोळ होतो. पहिली-दुसरी-तिसरी असं पुढं फिरवा, शरीराला ते जरा सोपं जातं. आणि तिसरी झाल्यावर माणूस आला नाही म्हणून त्यालाच पहिलीला थांबवतात ते आधी बंद करा, ओटी कायद्यानं दुप्पट दरानं मिळतो की नाही तेही बघा. रिजेक्शन आलं की सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलणारा सुपरवायझर असेल तर दहा स्पीकर आणून उपयोग नाही.

योगसाधक_विटा
म्हंजे प्राणायाम वाईट असं म्हणायचंय का?

तिसरीपाळी
वाईट कोण म्हणलं? झोप झालेल्या माणसाला सांगा.

मिरजकर
रात्री साडेअकराला दुसरी सुटली की कुपवाडहून मिरजेला यायला काय मिळतं सांगा बरं. गाडी बंद पडली तर चालतच. त्याचं पण टेन्शन असतं माणसाला.

अनु_मिरज
बोलले त्याच्याशी. त्याचं खासगी आहे म्हणून जास्त लिहीत नाही. भाऊ आणि बायको सोबत आहेत, 14416 लावून दिला, बराच वेळ बोलला, सोमवारी सकाळी भाऊ ओपीडीला घेऊन जाणार आहे. तोपर्यंत घरात एकटा राहणार नाही असं ठरलंय. सिस्टर, मनापासून आभार.
प्रपोजल पण बदलतेय. मोटिव्हेशनल स्पीकर नको, मानसोपचारातल्या डॉक्टरांनी प्रत्येक पाळीत त्याच पाळीच्या वेळेत अर्धा तास बोलावं, सुपरवायझर लोकांचं वेगळं ट्रेनिंग, शिफ्टचं चार्ट पुढं फिरवायचं, आणि महिन्यातून दोनदा समुपदेशक. पण मालक म्हणणार पैसे मी देतोय तर कोण कोण गेलं ते मला कळलं पाहिजे. काय सांगू?

सिव्हिलची_सिस्टर
नाव द्यायचं नाही, स्पष्ट सांगा. त्याच 2017 च्या कायद्यात कलम 23 ला गोपनीयतेचा हक्क आहे. बिलावर फक्त किती जण आले तो आकडा. आणि बसायची जागा टाईम ऑफिसशेजारी नको, कंपनीबाहेर असली तर उत्तम. एकाचं जरी नाव सुपरवायझरच्या तोंडी आलं ना, पुढच्या वेळी कोणी फिरकणार नाही.

कृष्णाकाठ
ठेकेदाराची पोरं पण धरलीत ना ह्यात? त्यांचं ईएसआय खरंच भरतो का ठेकेदार ते चलन मागून बघा. नाहीतर रजेची वेळ आली की नाव सापडत नाही.

अनु_मिरज
धरलीत. चलन सोमवारीच मागते.