झोपेत चालणं मोठेपणी सुरू झालं तर गोळ्या तपासा
"वय वाढलं की आपोआप जातं" हे लहानपणापासून झोपेत चालणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं तर वाट बघत बसू नका. माझ्या मोठ्या भावाचं ४५व्या वर्षी सुरू झालं, एका रात्री कडी काढून अनवाणी जिन्यात उभा, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी काही म्हणजे काही आठवेना. निघालं काय, तर झोपेसाठी नुकतंच झोल्पिडेम सुरू केलेलं! अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये त्यावर याचसाठी सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. डॉक्टरांनी गोळी बदलली, थांबलं.

आणि पन्नाशीनंतर कोणी पहाटे स्वप्नात लाथा झाडत, ओरडत असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याचा पुढे पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराशी संबंध निघू शकतो, न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.