आईबाबांसाठी ९० टेस्टचं फुल बॉडी चेकअप, घ्यावं का?

चिंचवडकर_८८
आई ५८, बाबा ६३. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आईला काहीच नाही (म्हणजे कधी तपासलंच नाही 😅). एका लॅबची ऑफर आलीय, घरी येऊन रक्त घेणार, ९० टेस्ट, दोघांचे मिळून ५,५०० आणि वर २,००० टाकले की कॅन्सर मार्कर पण. सुट्या टेस्ट केल्या तर दुप्पट जातील, मग पॅकेजच बरं ना? बायको म्हणते नको ते उकरून काढू नका. कुणी केलंय का?

लॅबवाली
लॅबमधेच काम करते म्हणून सांगते, ९० हा आकडा फुगवलेला असतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ही एकच टेस्ट, पण त्यातलं हिमोग्लोबिन, एमसीव्ही, प्लेटलेट सगळं सुटं मोजलं की वीसेक तिथेच झाल्या. आणि नॉर्मल रेंज ठरवतात तीच मुळी निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून, म्हणजे धडधाकट माणसाची पण वीसातली सरासरी एक बाहेर जाते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर निदान एक तरी बाहेर यायची शक्यता ६४ टक्के! मग रिपोर्टवरचा लाल बाण बघून लोक रात्री साडेदहाला फोन करतात, ताई हे काय आलंय.

गप्प_बसा
+१. मावशीचं (४६) असंच झालं. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो मार्कर, त्याची मर्यादा ३५, तिचं आलं ४१. मग सोनोग्राफी, मग सीटी, दोन डॉक्टर, शेवटी निघालं काय तर फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ, कॅन्सर नव्हे). हा मार्कर त्यातही वाढतो, पोटाच्या टीबीतही वाढतो, पण हे आधी कोण सांगतंय. पॅकेज ३ हजारांचं आणि पुढचा खर्च २६ हजार, शिवाय दीड महिना घरात कुणी धड जेवलं नाही ते वेगळंच. ते २,००० वाचवा.

नाना_नाशिक
अहो पण म्हणून काहीच करायचं नाही का? माझी शुगर अशाच चेकअपमधे सापडली, त्रास शून्य होता. पॅकेज नसतं तर डोळ्यावर आल्यावरच कळलं असतं.

आडगावचा
नाना, शुगर सापडली तर पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, म्हणून ती टेस्ट कामाची. कोरियात बघा, १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणीच्या जोडीला हॉस्पिटलं थोड्या पैशात थायरॉइडची सोनोग्राफी पण करून द्यायची. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं आणि मरणाऱ्यांचा आकडा होता तिथेच, बहुतेकांची ग्रंथी मात्र काढली, आता जन्मभर गोळी.
उलट आपल्याकडचं बघा. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन गर्भाशयमुखाची व्हिनेगरने तपासणी केली, तेच आपलं ॲसेटिक ॲसिड, त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उस्मानाबादच्या (आता धाराशिव) खेड्यांत तर एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो गर्भाशयमुखाच्या नमुन्यात शोधतात) मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, २००९ मधे छापून आलंय. आणि ही तपासणी तुमच्या ९० मधे नसणार, कारण ती रक्तातून होत नाही 🙂

चिंचवडकर_८८
खरंच नाहीये, आत्ता लिस्ट बघितली! व्हिटॅमिन डी आहे, आर्सेनिक आहे (??), हे नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोघांची शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी आणि आईचं बीपी बघा, बाबा तंबाखू खातात तर तोंड दाखवायला घेऊन या, त्याचे मी पैसे घेत नाही. बाबा लगेच तयार. आईला एचपीव्हीचं सांगितलं तर म्हणे पाळी जाऊन आठ वर्षं झाली, आता मला काय होतंय. तिला पटवू कसं, बायकोला पुढे करू का?

लॅबवाली
पाळी गेली तरी ६५ पर्यंत करतात, तेवढं सांगा. आणि हो, बायकोलाच पाठवा. ती तिशीच्या पुढे असेल तर दोघींची एकदमच करून घ्या, सासू एकटी तयार होत नाही, सून बरोबर असली की येते, रोज बघते मी.