अनुभव धागा: मीटिंगमध्ये आवाज चढू नये म्हणून तुमच्याकडे काय नियम होते?

काल आमच्या अपार्टमेंटची मीटिंग (जुळे सोलापूर). विषय एकच, चार दिवसांआड येणारं पाणी आधी कुणाच्या टाकीत. दहा मिनिटांत एकानं दुसऱ्याचा बाप काढला, मीटिंग खलास. घरी येताना पूर्व भागातली आमची जुनी गल्ली आठवली.

निम्मी घरं तेलुगू, काही कन्नड, आम्ही मराठी. मंडळाची बैठक देवळाच्या कट्ट्यावर. वडिलांनी नियम घातलेला: राग आलेल्यानं आपल्या घरच्या भाषेत बोलायचं आणि ज्याच्याशी भांडण आहे त्यानंच ते मराठीत सांगायचं. पाच मिनिटं आरडाओरडा व्हायचा आणि मराठीत यायचं, "वर्गणीचा हिशेब दाखवा म्हणतोय." मधल्या शिव्या गाळल्या जायच्या. आपल्याच विरुद्धचं आपल्याच तोंडानं सांगायला लागलं की माणूस तिथंच ढिला पडतो. बरेचदा दोघं हसायचे. बरेचदा, नेहमी नाही.

तुमचं लिहा.

कडक_भाकरी: आज्जीचा नियम, जेवताना वाद नाही. शेंगा चटणी तोंडात असली की बोलता येतंय कुठं, ते वेगळं.

लूमवाला: आमच्याकडं नियम लागतच नाही बे. माग चालू असताना कोण काय शिव्या देतंय ऐकूच येत नाही. लाईट गेली की मग कळतंय.

होटगीरोडची_सून: वाटणीच्या बैठकीत मामंजी म्हणाले, गेल्या दिवाळीच्या आधीचं काढायचं नाही. मग काय, मोठ्या जाऊबाईंनी गेल्या दिवाळीचंच काढलं, दीड तास. त्यात माझ्या करंज्या पण आल्या. वाटणी अजून व्हायचीय. कुकर लावलाय, नंतर येते.

लूमवाला: करंज्यांचं काय?

गड्ड्यावरचा: आपल्याकडं कट्ट्याचं नावच सम्मती कट्टा आहे की! संक्रांतीच्या जत्रेत सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा असतो, त्यात सम्मती (लग्नाच्या संमतीचे मंत्र) वाचतात, 'दिड्डम दिड्डम' आलं की मगच अक्षता. एवढी गर्दी वाट बघत उभी राहते. सातही नंदीध्वजांचा (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांचा) मान ठरलेला, कोण पुढं कोण मागं. आणि पार्किंगच्या तीन जागांसाठी आम्ही चौदा जण एकमेकांच्या अंगावर जातो.

मागचा_बाक: नियम कोण करतंय तेही बघा. आमच्या मंडळात 'मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही' असं होतं. मोठे म्हणजे वर्गणी मोठी देणारे. हिशेबात घोळ दिसत असून मी सहा वर्षं गप्प बसलो. फार सभ्य चालायच्या बैठका.

कडक_भाकरी: मागचा_बाक, हे लागलं. आमच्या आज्जीच्या नियमात पण सुनांनाच गप्प बसायला लागायचं, आता सुचतंय.

होटगीरोडची_सून: आले. करंज्या मऊ पडल्या म्हणे!! चुलीजवळ डबा कुणी ठेवला ते विचारा की.

लूमवाला: हे गेल्या दिवाळीचं का आधीचं?

होटगीरोडची_सून: थांबा, नळ आला. मोटर लावते.

गड्ड्यावरचा: कुठल्या भागात? आमच्याकडं आजचा वार होता, अजून थेंब नाही.