एअरोस्पेस आणि मॅनेजमेंट एकत्र करावं का?

ओझरकर: पोरगी बारावीला आहे, एअरोस्पेसच करायचं म्हणते आणि सोबत मॅनेजमेंटपण, तर एकत्र डिग्री बघावी की बीटेक करून मग एमबीए?

विंगनट: आधी बीटेक. आयआयटी मुंबईत तर एअरोस्पेस आणि मॅनेजमेंट स्कूल दोन्ही पवईच्याच कॅम्पसमध्ये. दोन-तीन वर्षं नोकरी करू दे, मग कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा).

मिहानवाला: +१, पण मॅनेजमेंट म्हणजे नुसतं एक्सेल नव्हे हो. इथे नागपुरात बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम (विमानाच्या फ्लोअरखालचे आडवे आधार) बनलेत, अशा कंपोझिट (फायबरचे थर चिकटवून केलेल्या) पार्टमध्ये थर सुटलेला दिसला की रिपेअर करायचा की स्क्रॅप, आणि तोवर डिलिव्हरीचं काय, हे ठरवायला इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट दोन्ही लागतं.

ओझरकर: म्हणजे मॅनेजमेंट केलं तरी फ्लुइड मेकॅनिक्ससारख्या इंजिनिअरिंगच्या विषयांतून सुटका नाहीच 😄 सांगतो तिला.